घर एक, चुली किती?

आपल्याकडे दोन भाऊ वेगळे झाले की गावात काय म्हणतात? "त्यांची चूल वेगळी झाली." मधली भिंत नंतर उठते, सात-बारा तर वर्षानुवर्षं कोर्टात लोंबकळत राहतो. पण चूल वेगळी झाली की गावाच्या हिशेबाने एका घराची दोन घरं झाली.

गंमत म्हणजे सरकारही गावासारखंच मोजतं. आपल्या जनगणनेत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि सहसा एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. रक्ताचं नातं असलंच पाहिजे अशी अट नाही. हॉस्टेल आणि मेसमधल्या मंडळींना जनगणना 'संस्थात्मक कुटुंब' म्हणून मोजते. म्हणजे आपण सगळे एकाच मेसची पातळ डाळ पितो, म्हणून कागदोपत्री एक कुटुंब आहोत. रेक्टर सर कुटुंबप्रमुख! (सर, हलके घ्या.)

हा विषय निघायचं कारण असं की दरवर्षी आपल्या फायनल इयरमधले काही जण एम.एस. करायला अमेरिकेला जातात. जीआरई, टोफेल, आय-ट्वेंटी, व्हिसाचा इंटरव्ह्यू यांवर सीनिअर्स तासन्‌तास बोलतात. पण राहायचं कुठे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "अरे, मिळतं रे काहीतरी." हे 'काहीतरी' म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या जुन्या घराचा एक मजला पाच जणांत वाटून, नाहीतर तळघरातली एक खोली. भाडं किती, वायफाय आहे का, युनिव्हर्सिटी किती लांब, एवढं आपण विचारतो. ते घर कायद्याने किती कुटुंबांचं आहे हे कुणी विचारत नाही. आपल्याला वाटतं, त्यात विचारायचं काय? मोजा की दारं!

पण दारं मोजून भागत नाही. कसं ते न्यूयॉर्क शहराच्या उदाहरणाने बघू, कारण तिथला कायदा जुना आहे आणि घरांची कागदपत्रं घरबसल्या बघता येतात.

समजा, क्वीन्स भागात एक दुमजली घर आहे. तळमजल्यावर मालक, वरच्या मजल्यावर एक भाडेकरू कुटुंब. तळघरात ओटा, शेगडी, शॉवर बसवून तीन विद्यार्थी ठेवलेले. दारावर तीन बेल, भिंतीला तीन टपालपेट्या. हे घर किती कुटुंबांचं? पोस्टमन म्हणेल तीन. मालक म्हणेल दोन, खालची मुलं तर आमच्या घरचीच आहेत. म्युनिसिपालिटीचा कागद म्हणेल दोन. आणि न्यायाधीशांना विचारलं तर ते उलट विचारतील, "कागदावर किती हे विचारताय, की प्रत्यक्षात किती?" हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि सगळा घोटाळा ते एक समजल्यामुळे होतो.

तिथे सगळी मेख 'तीन' या आकड्यात आहे. एक किंवा दोन कुटुंबांचं घर म्हणजे खाजगी घर. तीन किंवा जास्त कुटुंबं एकमेकांपासून स्वतंत्र राहत असतील तर ते 'मल्टिपल ड्वेलिंग', आपण त्याला बहुकुटुंब घर म्हणू. तिसरं कुटुंब आलं की अख्ख्या घराची जात बदलते. नियम बदलतात, तपासणी बदलते, मालकाची जबाबदारीही बदलते.

हा तीनचा आकडा आगीतून आला. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये बोटी भरभरून लोक येत होते आणि त्यांच्यासाठी टेनेमेंट नावाच्या इमारती उभ्या राहत होत्या. आपली गिरणगावातली चाळ डोळ्यांसमोर आणा, फक्त गॅलरी काढून टाका आणि मधल्या खोल्यांच्या खिडक्याही काढा. फेब्रुवारी १८६० मध्ये एल्म स्ट्रीटवरच्या अशाच एका इमारतीला आग लागली. जिना एकच, तो पेटला. वरच्या मजल्यांवरची वीसच्या आसपास माणसं गेली, त्यात बायका-मुलं जास्त. मग कायदे सुरू झाले. १८६७ च्या कायद्याने टेनेमेंटची व्याख्या केली ती अशी : तीनपेक्षा जास्त कुटुंबं जिथे स्वतंत्रपणे राहतात आणि तिथेच आपापला स्वयंपाक करतात ते घर. बघा, सातासमुद्रापार जाऊनही चूल आलीच! पुढे १८८७ मध्ये 'तीनपेक्षा जास्त'चं 'तीन किंवा जास्त' झालं. १९२९ साली मल्टिपल ड्वेलिंग लॉ आला, तो आजही लागू आहे. त्याच्या व्याख्येत स्वयंपाकाचा उल्लेख राहिला नाही, 'स्वतंत्रपणे राहणारी तीन किंवा जास्त कुटुंबं' एवढंच राहिलं. पण शहराच्या झोनिंगच्या नियमांत एक गाळा मोजताना स्वयंपाकाची जागा आणि संडास-बाथरूम या गोष्टी अजून बघतात. आपल्याकडच्या बांधकाम नियमावलीतही तेच आहे. राहणं, स्वयंपाक आणि संडास-बाथरूम यांची स्वतंत्र सोय असलेली जागा म्हणजे एक गाळा. सिव्हिलवाल्यांना हे बिल्डिंग प्लॅनिंगच्या जर्नलमध्ये लिहून लिहून पाठ असेल.

जाता जाता : याच कायद्यात कॉलेजचं हॉस्टेलही बहुकुटुंब घरांतच मोडतं, पण 'ब' वर्गात, म्हणजे हॉटेल आणि लॉज यांच्या पंगतीत. कायमचं राहण्याच्या जागा 'अ' वर्गात आणि येऊन-जाऊन राहण्याच्या 'ब' वर्गात. आपल्या इयर-डाउन मित्रांना कुठल्या वर्गात घालायचं, हा प्रश्न मी सोडून देतो.

आता कागदाकडे येऊ. कागदावर घर कितीचं, हे सांगणारा मुख्य दाखला म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी, आपला भोगवटा दाखला. त्यात मजल्यागणिक लिहिलेलं असतं : तळघर - बॉयलर आणि सामान, पहिला मजला - एक कुटुंब, दुसरा मजला - एक कुटुंब. हा दाखला इमारत खात्याच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की फुकट बघता येतो. आपल्या क्वीन्सच्या घराचा निकाल इथेच लागला : कागदावर दोन.

पण न्यूयॉर्कमधल्या पुष्कळ घरांना हा दाखलाच नाही! आणि त्यात बेकायदा काही नाही. १९३८ पूर्वी बांधलेल्या घरांना, पुढे त्यांचा वापर, कुटुंबांची संख्या किंवा बाहेर पडायचे मार्ग बदलले नसतील तर, दाखला सक्तीचा नाही. मग अशा घराचं कसं ठरवायचं? इथे जुनी दप्तरं कामाला येतात. १९०१ च्या कायद्यानंतर स्थापन झालेल्या टेनेमेंट हाउस खात्याचे इन्स्पेक्टर घरोघर फिरून कार्डं भरत : किती मजले, मजल्यावर किती गाळे, संडास किती, खिडक्या कुठे. यांना 'आय-कार्ड' म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी कुणा इन्स्पेक्टरने शाईने केलेली ती नोंद आज स्कॅन करून ठेवलेली आहे आणि ती पुरावा म्हणून चालते. असल्या पुराव्यांवर समाधान झालं की इमारत खातं 'लेटर ऑफ नो ऑब्जेक्शन' देतं, म्हणजे हे घर इतक्या कुटुंबांसाठी वापरायला आमची हरकत नाही. (आपल्या जर्नलवरची सही शंभर वर्षांनी कुणाच्या उपयोगी पडेल असं मला तरी वाटत नाही.)

काय चालत नाही, तेही बघा. घर विकणारा एजंट करखात्याचा उतारा दाखवतो. त्यावर घराचा वर्ग असतो. 'ए' म्हणजे एका कुटुंबाचं, 'बी' म्हणजे दोनचं, 'सी-झीरो' म्हणजे तीनचं. पण करखातं कर बसवण्यासाठी मोजतं, त्याने कायदेशीर वापर सिद्ध होत नाही. वर आणखी एक विसंगती. मालमत्ता कराच्या पहिल्या वर्गात, म्हणजे 'छोट्या घरां'त, तीन कुटुंबांपर्यंतची घरं धरतात. म्हणजे तेच तीन कुटुंबांचं घर करखात्याला छोटं घर आणि गृहनिर्माण खात्याला बहुकुटुंब इमारत! एकाच शहरातली दोन खाती एकाच घराबद्दल दोन गोष्टी सांगतात आणि आपापल्या जागी दोन्ही बरोबर असतात. आपल्याकडे अकाउंट्स सेक्शन आणि एक्झाम सेक्शनला एकच विद्यार्थी कसा वेगवेगळा दिसतो, त्यातलाच प्रकार.

बेल, टपालपेट्या, विजेचे मीटर यांचंही तसंच. त्यांनी घर कायदेशीर होत नाही. उलट कागदावर दोन आणि दारावर चार बेल असतील तर इन्स्पेक्टरला संशय यायला तेवढं पुरतं. २०१७ च्या शहराच्या एका कायद्याप्रमाणे परवानगीपेक्षा तीन किंवा अधिक गाळे जास्त काढले तर प्रत्येक जादा गाळ्यामागे किमान १५,००० डॉलर दंड आहे.

आता दुसरा प्रश्न : प्रत्यक्षात किती? मल्टिपल ड्वेलिंग कायद्याची व्याख्या कागदापाशी थांबत नाही. तीन कुटुंबं 'राहत असतील' तरी ते घर त्या व्याख्येत येतं. म्हणजे आपल्या क्वीन्सच्या घराची स्थिती अशी : तीन म्हणून परवानगी नाही, पण तीन राहतात म्हणून बहुकुटुंब घराचे सगळे नियम लागू. तिथली न्यायालयं याला 'डी फॅक्टो', म्हणजे वस्तुतः, बहुकुटुंब घर म्हणतात. मालकाला हक्क दोनचे मिळतात आणि जबाबदाऱ्या तीनच्या!

आणि मग भाड्याचा प्रश्न येतो. बहुकुटुंब घराला योग्य भोगवटा दाखला नसेल तर त्या काळाचं भाडं मालकाला वसूल करता येत नाही, असं कायद्याच्या ३०२ व्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. २०१२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने (तिथे त्याला कोर्ट ऑफ अपील्स म्हणतात) ब्रुकलिनच्या एका प्रकरणात हे कलम अक्षरशः लागू केलं. भाडेकरू कित्येक वर्षं भाडं न देता राहत होता. ना भाडं मिळणार, ना भाड्यासाठी त्याला बाहेर काढता येणार, असा निकाल लागला. हे चमत्कारिक वाटत असेल तर विधिमंडळाने कायदा बदलावा, असंही न्यायालयाने म्हटलं.

हे वाचून कुणाचे डोळे चमकले असतील तर थांबा. एक तर आपण होऊन दिलेलं भाडं सहसा परत मिळत नाही. दुसरं म्हणजे ज्या तक्रारीवरून घर बेकायदा ठरतं, त्याच तक्रारीवरून दारावर 'व्हेकेट ऑर्डर' चिकटू शकते, जागा खाली करा. सेमिस्टरच्या मध्यावर, बाहेर बर्फ, आणि तुम्ही दोन सुटकेसेस घेऊन फुटपाथवर. तळघरातली माणसं तक्रार करत नाहीत ती याचसाठी. म्हणून असले गाळे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू राहतात.

ते चालू राहिले तर काय होतं, हे १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री दिसलं. आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस न्यूयॉर्कवर आला आणि सेंट्रल पार्कच्या मापकावर एका तासात तीन इंचांहून जास्त पाऊस पडला. मुंबईकरांना २६ जुलै २००५ आठवेल. शहरात त्या रात्री तेरा माणसं गेली. त्यातली अकरा तळघरातल्या घरांत बुडाली, बहुतेक क्वीन्समध्ये. पाणी जिन्यावरून खाली आलं, दार आत दाबून बसलं आणि दुसरा रस्ता नव्हता. दाराबाहेर फक्त तीन फूट पाणी साठलं तरी पाण्याचा दाब दाराच्या प्रत्येक फूट रुंदीवर सुमारे १२७ किलो भरतो. थर्ड सेममधलं फ्लुइड मेकॅनिक्स आहे, करून बघा.

म्हणून तिथे 'बेसमेंट' आणि 'सेलर' हे दोन शब्द वेगळे आहेत. आपण दोन्हींना तळघर म्हणतो. उंचीचा किमान अर्धा भाग रस्त्याच्या कडेच्या पातळीच्या वर असेल तर बेसमेंट. अर्ध्याहून जास्त भाग खाली असेल तर सेलर. बेसमेंटमध्ये राहणं अटी पाळून कायदेशीर होऊ शकतं. एक-दोन कुटुंबांच्या घरात सेलर मात्र भाड्याने द्यायचं नाही, असा सरळ नियम होता. एका फुटाच्या फरकाने खोली इकडची तिकडे जाते. आयडानंतर यावर बरीच चर्चा झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये शहराच्या कौन्सिलने छोट्या घरांना एक जोड-गाळा काढायची मुभा देणारा बदल मंजूर केला, पुराचा धोका असलेल्या भागातली तळघरं त्यातून वगळून.

आणि फक्त तळघरंच नव्हे. जानेवारी २००५ मध्ये ब्रॉंक्समधल्या एका इमारतीत आग लागली. एका गाळ्यात भाडेकरूंनी परवानगीशिवाय पार्टिशन घालून खोल्या पाडल्या होत्या. आत गेलेल्या फायरमनना त्या पार्टिशनांमुळे फायर एस्केपपर्यंत पोचता आलं नाही. सहा जणांनी चौथ्या मजल्याच्या खिडक्यांतून उड्या मारल्या, दोघे गेले. ते पार्टिशन कुणीतरी आपल्यासारखंच, थोडी प्रायव्हसी आणि भाड्याची वाटणी म्हणून घातलेलं असणार.

आता राहिला प्रश्न आपल्या पाच मित्रांचा. एकच मजला, एकच शेगडी, पण पाच आडनावं. हे एक कुटुंब की पाच? इथे अमेरिकेत गावोगावी वेगळं उत्तर मिळतं, आणि यावर खुद्द त्यांच्या सुप्रीम कोर्टापर्यंत भांडणं गेलेली आहेत.

पहिलं प्रकरण विद्यार्थ्यांचंच. न्यूयॉर्कजवळ लॉंग आयलंडवर बेल टेर नावाचं, त्या वेळी सुमारे सातशे वस्तीचं, गाव आहे. गावाचा नियम असा की घरं फक्त एका कुटुंबाची. कुटुंब म्हणजे नात्याची कितीही माणसं, बिननात्याची असतील तर जास्तीत जास्त दोन. जवळच्या स्टोनी ब्रूक युनिव्हर्सिटीच्या सहा विद्यार्थ्यांनी एक घर भाड्याने घेतलं. गावाने नोटीस काढली. १९७४ साली सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी गावाच्या बाजूने निकाल दिला. शांत, मोकळ्या वस्तीसाठी असा नियम करायचा गावाला हक्क आहे, असं ठरलं.

दुसरं प्रकरण वाचून मला खरोखर राग आला. ओहायो राज्यातल्या ईस्ट क्लीव्हलंडमध्ये एक आजी आपला मुलगा आणि दोन नातवांसह राहत होती. नातू एकमेकांचे चुलतभाऊ. एकाची आई वारली म्हणून तो आजीकडे आलेला. शहराच्या नियमातली कुटुंबाची व्याख्या इतकी बारीक होती की दोन चुलतभाऊ एका घरात त्यात बसेनात. नातू 'बेकायदा रहिवासी' ठरला. त्याला घराबाहेर काढलं नाही म्हणून आजीला पाच दिवस तुरुंग आणि पंचवीस डॉलर दंड! आपल्याकडे या हिशेबाने अर्धा जिल्हा आत जाईल. १९७७ साली सुप्रीम कोर्टाने ही शिक्षा रद्द केली, पण पाच विरुद्ध चार, म्हणजे एका मताने.

तिसरं प्रकरण आपल्या कामाचं, आणि ते न्यू जर्सीतलं. तिथे मराठी मंडळी भरपूर, त्यामुळे तुमच्यापैकी कुणी ना कुणी जाणारच. ग्लासबरो गावात दहा कॉलेज विद्यार्थ्यांनी एक घर घेतलं. गावाचं म्हणणं, हे कुटुंब नाही. १९९० साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं, आहे! कारण काय? ते एकत्र स्वयंपाक करत, घरची कामं वाटून घेत, आणि किराणा नि बिलं एका सामाईक बँक खात्यातून भागवत. शिवाय पदवी होईपर्यंत तिथेच राहायचा त्यांचा इरादा होता. नातं रक्ताचं नसलं तरी घर एक चालत होतं. न्यूयॉर्कच्या राज्य न्यायालयानेही १९८५ आणि १९८९ मध्ये नात्यावर आधारलेल्या अशा स्थानिक व्याख्या रद्द केल्या. तरी न्यूयॉर्क शहराच्या घरदेखभालीच्या नियमांत एका गाळ्यात बिननात्याची तीनच माणसं असं लिहिलेलं आहे, आणि कितीतरी गावांत बेल टेरसारखे नियम आहेत. तेव्हा राज्य आणि गाव बघून विचारा. आणि किराण्याचा हिशेब एकाच वहीत ठेवा, प्रत्येकाने आपापल्या खोलीला कुलूप लावून आत हॉटप्लेट ठेवू नका. प्रत्येक खोलीला बाहेरून कुलूप आणि आत वेगळी शेगडी दिसली की इन्स्पेक्टर एक कुटुंब धरत नाही, खोल्या धरतो. रेक्टर सर हॉटप्लेट जप्त करतात तेव्हा ते आपलं कुटुंब एकत्र ठेवत असतात, हे मला आत्ता कळलं.

तेव्हा न्यूयॉर्कला जाणाऱ्यांनी तिकीट काढायच्या आधी एक काम करा. जागा दाखवणाऱ्याकडून पूर्ण पत्ता मागा, बरो आणि घर नंबरसकट. पत्ता द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच समजा. पत्ता इमारत खात्याच्या वेबसाइटवर टाका. भोगवटा दाखला उघडा आणि वरच्या मजल्यांच्या ओळी सोडून सगळ्यात पहिली ओळ वाचा, ती तळघराची असते. तिथे 'बॉयलर रूम, स्टोरेज' लिहिलेलं असेल आणि फोटोत त्याच जागी कॉट, स्टडी टेबल आणि 'फर्निश्ड रूम, विद्यार्थ्यांना प्राधान्य' असेल, तर दुसरी जागा बघा.